डब्याला पत्ता आहे

सिडनीतल्या आमच्या क्वेकर्स हिलमध्ये कचऱ्याच्या डब्याला पत्ता असतो. दोन चाकं, एक झाकण आणि पोटावर घराच्या नंबराचा स्टिकर. आठवड्यातून एकदा ट्रक येतो, लोखंडी हात काढतो, डबा उचलून रिकामा करतो आणि जागच्या जागी ठेवून जातो. आजवर चुकलेला नाही. डब्यामागच्या घराचं कर्ज मी फेडतोय. पण मला पत्ता नाही.

झालं असं की आईला सांगलीत बसून आमच्या परसातली तुळस बघायची होती. जुलैत इथं थंडी. तुळशीच्या काड्या होतात आणि आईला वाटतं, सून पाणी घालत नाही. म्हटलं, कॅमेरा लावू, सूनही सुटेल. राउटरमध्ये कॅमेऱ्याला १९२.१६८.१.५० ही जागा नेमून दिली, पोर्ट ५५४ तिकडे वळवला. घरातून तुळस दिसली. सांगलीतून भाच्यानं पाहिलं, तर ठणठणाट.

चार रात्री मी राउटरच्या सेटिंगचं तेच पान उघडून बसलो. टीसीपी झालं, यूडीपी झालं, फायरवॉल उतरवली, चढवली, राउटर बंद करून तीस सेकंद मोजले. आतून बायकोचा आवाज: ‘‘परत नेट घालवलंस ना?’’ पाचव्या रात्री राउटरचा बाहेरचा पत्ता नीट वाचला. १००.७२ नं सुरू होणारा. बाहेरच्या जगाला मात्र माझा म्हणून भलताच पत्ता दिसत होता.

१००.६४ ते १००.१२७ हा पट्टा २०१२ पासून खास याच कामासाठी राखीव आहे: पुष्कळ घरं आत कोंबायची आणि बाहेर सगळ्यांना मिळून एकच पत्ता द्यायचा. मधे कंपनीचं यंत्र. त्याला माझा पोर्ट ५५४ ठाऊक नाही, माझी तुळस तर नाहीच. चार रात्री मी खोलीच्या दारावर पाटी रंगवत होतो आणि चाळीच्या फाटकाला कुलूप होतं!

पत्ते संपलेत म्हणे. जुन्या पद्धतीचे एकूण ४२९ कोटी, त्यातला आशिया-पॅसिफिकचा मोकळा साठा २०११ च्या एप्रिलमध्येच तळाला गेला. मान्य. पण नव्या पद्धतीत, म्हणजे आयपीव्ही ६ मध्ये, पत्ते इतके आहेत की डब्याला एक, दोन्ही चाकांना एकेक, आतल्या प्रत्येक केळीच्या सालीला एकेक देऊन, सालीवरच्या माशीनं मागितला तर तिलाही नाही म्हणायची वेळ येणार नाही. आमच्या कंपनीत ते ‘लवकरच’ येणार आहे. आणि संपलेला जुना पत्ता? तो दरमहा जादा पैसे भरले की त्याच दिवशी मिळतो! काही कंपन्या नुसत्या फोनवर फुकट देतात, आमची नाही. हा धंदा मी गावाकडे पाहिलाय. नळाला थेंब नाही आणि टँकर मात्र नोटा दाखवल्या की दारात. पाणी संपलेलं नसतंच हो, ते टँकरमध्ये असतं.

शेवटी हरलो. पत्ता विकत घ्यायला फोन लावला. अर्धा तास सतार ऐकल्यावर एक मुलगी गोड आवाजात म्हणाली, ‘‘सर, ओळख पटवायला आधी तुमचा पत्ता सांगा.’’

मी फोन घेऊन बाहेर गेलो आणि डब्यावरचा वाचून दाखवला.