अडक्याला तीन

सोसायटीतल्या काकूंनी मोबाइल पुढे केला. "एवढा फॉर्म भरून दे रे. चार आठवड्यांत मनःशांती. आज भरले तर साडेआठ हजार, उद्यापासून बारा."

"काकू, गुरुजींची जरा चौकशी केलीत का?"

काकूंनी कानाच्या पाळीला हात लावला. "गुरूची कुठे चौकशी करतात? ही तुमची इंग्रजी शिकलेल्यांची खोड."

खोड इंग्रजी नाही हो, चांगली जांब गावची आहे. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या पाचव्या दशकात गुरूंचा भावच लावून ठेवलाय. शिष्याकडून साधना करून घेत नाहीत, इंद्रियांना आवरायला लावत नाहीत, असले गुरू अडक्याला तीन मिळाले तरी टाकून द्यावेत! अडका म्हणजे आपल्या 'पैसाअडका'तला. तेव्हाचं चिल्लर नाणं. आणि करामती दाखवणारे? त्यांना गुरू म्हणा हवं तर, पण सद्गुरू नव्हेत, हाही शेरा तिथेच.

आता हा तराजू घेऊन बाजारात फिरू.

रजनीश १९७४मध्ये कोरेगाव पार्कात बसले, १९८१मध्ये अमेरिकेत गेले. ऑरेगॉनमध्ये चौसष्ट हजार एकरांचं रान आणि दाराशी ९३ रोल्स-रॉइस. बूड एक, गाड्या त्र्याण्णव. इंद्रियं आवरण्याचा धडा बहुधा ऐच्छिक असावा. १९८४मध्ये जवळच्या द डॅल्स गावातल्या दहा हॉटेलांत त्यांच्या शिष्यांनी सॅलडवर साल्मोनेलाचे जंतू टाकले. ७५१ माणसं आजारी पडली. हेतू काय, तर निवडणुकीत विरोधी मतदार अंथरुणातच राहावेत. सचिव शीला यांनी पुढे कोर्टात गुन्हा कबूल केला. गुरू म्हणाले, मला यातलं काही ठाऊकच नव्हतं. म्हणजे शिष्यांच्या सात जन्मांचं दिसत होतं, पण शेजारच्या खोलीत काय शिजतंय त्याचा वास येत नव्हता! १९८७मध्ये ते पुण्यात परतले. रांग होतीच.

दुसरं टोक जे. कृष्णमूर्तींचं. थिऑसॉफिस्टांनी या पोराला जगद्गुरू करायचं ठरवलं, संस्था उभारली. यांनी १९२९मध्ये हॉलंडात ओमेनला भर मेळाव्यात ती संस्थाच मोडीत काढली. गुरू नको, पंथ नको, अनुयायी नकोत. श्रोत्यांना हे इतकं पटलं, की पुढली पन्नासहून अधिक वर्षं ते हेच पुन्हा पुन्हा ऐकायला समोर येऊन बसले.

आणि मुंबईत, खेतवाडीच्या गल्लीत, विड्या विकणारे मारुती कांबळी. म्हणजे निसर्गदत्त महाराज. घरातल्याच पोटमाळ्यावर बसून मराठीत बोलायचे. गोरे लोक अरुंद जिना चढून यायचे, दुभाष्याकरवी वाद घालायचे. फी नाही, आश्रम नाही. मॉरिस फ्रीडमन यांनी १९७३मध्ये त्यांची संभाषणं 'आय अ‍ॅम दॅट' या इंग्रजी पुस्तकात आणली, आणि मग आपल्यातल्या पुष्कळांना पत्ता लागला, की आपल्या गल्लीत कोणीतरी राहतं. मराठीत बोललेलं मराठी माणसाला इंग्रजीतून कळलं! पण तराजू इथेही खाली ठेवायचा नाही. महाराज विडी ओढायचे, आणि १९८१मध्ये घशाच्या कॅन्सरने गेले. समर्थांच्या कसोटीवर ती विडीही मोजावी लागते. मोजा. मोजल्यावर जे उरतं, ते निदान खात्रीचं असतं.

तरी सगळा दोष गुरूंच्या माथी मारता येत नाही. गुरुलक्षणाचा समास संपला, की दासबोधात लगेच शिष्यलक्षणाचा सुरू होतो. समर्थांना गिऱ्हाईकही ओळखीचं होतं. कष्ट नकोत, कृपा हवी; तीही आज भरली तर सवलतीत.

एवढं सगळं काकूंना ऐकवलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "झालं तुझं? आता फॉर्म भर."

भरला. अगदी तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ होती. चष्मा पुसून वाचली : 'एकदा भरलेली फी कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाही.'

समर्थांच्या काळी निदान टाकून द्यायची सोय होती.