एका नळीचे सोयरे

आमच्या घरात भांड्याला ओठ लावून पाणी पिणं हा गुन्हा होता. सख्ख्या भावाने चावलेला पेरूसुद्धा चाव्याची बाजू कापून मगच मिळायचा. अशा वळणात वाढलेल्या माणसाला कंपनीने पाठवायचंच होतं तर जपानला पाठवावं. मला पाठवलं उरुग्वेतल्या माँतेव्हिदेओला.

उरुग्वेत माणसाला हात दोन असले तरी कामाला येतो एकच. डाव्या काखेत थर्मास, त्याच हाताच्या मुठीत माते. किनाऱ्यालगतच्या रांब्लावर फिरणारे, बसची वाट बघणारे, बाबागाडी ढकलणारे, सगळे असेच.

माते म्हणजे तिथला कडू काढा, आणि तो करणं म्हणजे पूजा मांडणंच. वाळलेल्या भोपळ्याच्या तुंब्यात पाऊण भाग येर्बा, म्हणजे मातेचा भरडलेला पाला. तुंबा तिरका करून ती एका बाजूला उतरती रचायची, खोलगट बाजूला कोमट पाणी मुरू द्यायचं, मग खाली जाळी असलेली धातूची नळी रोवायची. तिला म्हणतात बोंबिशा, आणि एकदा रोवली की हलवायची नाही, भुगा अडकतो. पाणी सत्तर-ऐंशी अंशांचं. उकळलं की संपलं, येर्बा ‘जळते’! चव? पाडव्याचा कडुलिंब गुळाशिवाय वाटला तर लागेल तशी. साखर मागू नये. तिथे लहान मुलाकडे बघावं तसं बघतात.

या पाल्यापायी लोकांनी काय काय केलंय! मूळचा तो ग्वारानी आदिवासींचा. जेझुइट पाद्र्यांनी आधी नाकं मुरडली, मग त्याचेच मळे लावले. शोधप्रवासी हुंबोल्टसोबत हिंडलेला वनस्पतिशास्त्रज्ञ बाँप्लां अर्जेंटिनाच्या बाजूला येर्बा लावू लागला, तर 1821 मध्ये पॅराग्वेचा हुकूमशहा फ्रान्सिया याने शिपाई पाठवून त्याला उचलून नेलं आणि कित्येक वर्षं सोडलं नाही. चहावरून रुसणारे आपल्याकडे घरोघर आहेत. पण माणूस पळवण्यापर्यंत अजून कुणाची मजल गेलेली नाही.

खरी परीक्षा मात्र पुढे. तुंबा एक, नळी एक आणि माणसं सहा. ओतणारा तो सेबादोर. पहिला तुंबा तो स्वतःच पितो. पाहुण्याआधी यजमान! मी मनातल्या मनात त्याचं घराणं काढलं. पण पहिलाच घोट सगळ्यांत कडू आणि भुग्याने भरलेला, म्हणून तो पाहुण्याच्या वाट्याला येऊ द्यायचा नाही, असा त्यातला शिष्टाचार. मग तीच नळी पुढच्याच्या तोंडात, मग त्याच्या पुढच्याच्या. रुमालाने पुसलीत तर संबंध संपले. आणि ‘ग्रासियास’ म्हणालात की तुमची पाळीच बंद, म्हणून हवं असेल तोवर आभारसुद्धा मानायचे नाहीत.

2020 मध्ये कोरोना आला आणि आरोग्य खात्याने सांगितलं, आपापला माते आपणच प्या. म्हणजे आमच्या घरचंच धोरण! ऑफिसातले लोक ते दिवस अजून सुतकासारखे आठवतात.

परवा व्हिडिओ कॉलवर आईने मला नळी पुढे सरकवताना पाहिलं. म्हटलं, आता बारा वाजले. तर ती म्हणाली, “असू दे रे, एवढ्या उकळत्या पाण्यात जंतू थोडेच राहतायत!”

पाणी उकळू द्यायचं नसतं, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.