लाइट नाही

हिवाळ्यात सकाळी साडेसहाला चापडगावच्या निरीक्षण मनोऱ्याखाली, कानटोपीवर आणखी एक टोपी घालून, मातकट-हिरव्या ठिपक्यांच्या जाकिटात उभा असलेला साठीपुढचा गृहस्थ तुम्हाला भेटलेला आहे. नांदूरमध्यमेश्वरला नसेल तर भिगवणला, नाहीतर ठाण्याच्या खाडीवर. गळ्यात दुर्बीण, तिपाईवर दोन किलोची लेन्स आणि चेहऱ्यावर जगाने आपल्याला फसवल्याचा भाव. आमच्या गटात या गृहस्थाला अण्णा म्हणतात आणि अण्णांचं आयुष्य एका वाक्यात मावतं : "लाइट नाही."

धुकं असलं की लाइट नाही. धुकं उठलं की लाइट आहे, पण सपाट. नऊ वाजले की तो कडक होतो, आणि पक्षी सूर्याच्या बाजूला बसला असेल तर आहे तो लाइट पक्ष्याच्या पाठीमागून येतो, म्हणजे नसल्यासारखाच. निफाडचा पारा घसरल्याची बातमी दर हिवाळ्यात पेपरात येते. अशा थंडीत द्राक्षवाले शेतकरी रात्र जागून बागेत शेकोट्या पेटवतात, धूर करतात. वर्षाचं पीक त्या एका रात्रीवर टांगलेलं असतं. बांधावरून येताना अण्णांनी तो धूर पाहिला आणि कळवळून म्हणाले, "अरेरे! सगळा लाइट खाल्ला यांनी."

आता यातली गंमत अशी, की अण्णा वीज खात्यातून निवृत्त झालेत. मीटर रीडिंगला लागले आणि तक्रार कक्षातून बाहेर पडले. ज्या माणसाला लोकांनी हयातभर रात्री-अपरात्री फोन करून हे एकच वाक्य ऐकवलं, तो निवृत्तीनंतर तेच वाक्य व्याजासकट परत करत सुटला आहे.

घरचेही सुटत नाहीत. नातीच्या बारशाला सुनेने भाबडेपणाने म्हटलं, "बाबा, एवढा महागाचा कॅमेरा आहे, बाळाचा एक छान फोटो काढा ना." अण्णांनी पाळण्याकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं आणि ठरलेला निकाल दिला. फारच आग्रह झाला तेव्हा लेन्स काढली, तर एवढ्या जवळचं तिला दिसेना. शेवटी पाळणा गॅलरीत आणला आणि अण्णा समोरच्या बिल्डिंगच्या गच्चीवर गेले. तिथून त्यांनी बाळाचा एक डोळा आणि झबल्याची नाडी अत्यंत स्पष्ट टिपली.

डोळा मात्र त्यांना लागतोच. डोळ्यात प्रकाशाचा ठिपका नसेल तर तो फोटो नव्हेच. एकदा जांभळी पाणकोंबडी अगदी पुढ्यात आली होती. लाल लांब पायांनी पाणवेलींवर तोल सांभाळत तिने एक देठ उपटला, पायाच्या बोटांत धरून माणसासारखा तोंडापाशी नेला आणि चोचीने त्याची साल सोलून आतला पांढरा गाभा खाऊ लागली. आम्ही श्वास घ्यायचे विसरलो. अण्णांनी ढीगभर फोटो काढले, पडद्यावर मोठे करून एकेक डोळा तपासला आणि तिथेच सगळे पुसून टाकले. दुसऱ्या दिवशी मागून कुणीतरी कुजबुजलं, "अण्णा, क्रौंच!" अण्णा तेव्हा आयएसओ लावत होते. मान वर करेपर्यंत थवा गोदावरीपार गेला होता. "गेले ते बरं झालं," अण्णा म्हणाले, "तसाही लाइट नव्हता."

नांदूरमध्यमेश्वरचं कौतुक त्यांना सांगून उपयोग नाही. गोदावरी-कादवेच्या संगमापाशी इंग्रजांच्या काळात बंधारा झाला, वर्षानुवर्षं गाळ साचत गेला, पाणी उथळ झालं, पाणवनस्पती माजल्या आणि बदकांचं फावलं. सलीम अलींनी याला महाराष्ट्राचं भरतपूर म्हटलं. 2020 मध्ये हे राज्यातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून जाहीर झालं. अण्णांचं म्हणणं, दर्जा देण्याआधी रामसरवाल्यांनी सकाळी ऊन कुठून येतं ते बघायला हवं होतं.

हा माणूस मला आवडतो, असं मी म्हणणार नाही. पण जानेवारीतल्या पक्षिगणनेला तो लेन्स घरी ठेवून येतो, हे नोंदवायला हवं. आम्ही सगळे चक्रवाक, चित्रबलाक, तलवार बदकं आपापसात वाटून घेतो. वारकरी कुणालाच नको असतात. काळेकुळकुळीत, कपाळावर पांढरा टिळा, जिकडे पाहावं तिकडे तेच. त्यांचे फोटो कोणी काढत नाही, त्यांना मोजण्यात तर काहीच मिरवण्यासारखं नाही. ते अण्णा मागून घेतात. गणनेची रीत अशी, की दहाचा घोळका नजरेत धरायचा आणि तेवढ्या मापाने पुढचं पाणी मापत जायचं. अण्णांना ही रीत मान्य नाही. ते दुर्बीण लावतात आणि ओठ हलवत एकेक मोजतात. मध्येच वरून शिकारी भोवत्या घिरटी घालतो, सगळे वारकरी पाण्यावरून फटफट पाय आपटत पळतात आणि एकमेकांना खेटून गठ्ठा होतात. अण्णा रागावत नाहीत. पांगेपर्यंत थांबतात आणि पुन्हा एकपासून सुरू करतात. त्या अख्ख्या सकाळी ऊन चढतं, उतरतं, ढगाआड जातं. अण्णांना त्याचा पत्ता नसतो.

यंदा त्यांच्याबरोबर वनखात्याचा एक नवा पोरगा होता. पोहे केव्हाच निवले होते आणि तक्त्यात वारकऱ्यांचा रकाना तेवढा कोरा होता. तो हळूच म्हणाला, "अण्णा, पाचशे लिहून टाकू?"

"412 आहेत."

"जवळपासच की हो, अण्णा."

"पाचशे पाहिजे असतील तर 88 कुठून तरी आणून सोड, मग लिही," अण्णा दुर्बीण न काढता म्हणाले. "नोकरीत कुणाला ॲव्हरेज बिल लावलं नाही मी. आता काय वारकऱ्यांना लावू?"