खोटे तोंड

ठासणीच्या बंदुकीत दारू आणि गोळी दोन्ही तोंडातून भरतात. अशी बंदूक भक्कम मेजावर टेकवून, स्टुलावर बसून नेम धरण्याचा खेळ अमेरिकेत एकोणिसाव्या शतकापासून चालत आला आहे. १९३३ साली स्थापन झालेल्या नॅशनल मझल लोडिंग रायफल असोसिएशनचे मैदान इंडियानातील फ्रेंडशिप या गावी आहे. नाव मैत्री, धंदा बंदुकीचा. जड बंदूक पंधरा-वीस किलोंची, प्रसंगी त्याहूनही भारी, त्यामुळे ती मेजानेच पेलायची. बसून खेळायचा खेळ म्हटल्यावर प्रस्तुत लेखकाला आपण त्याचे जन्मजात खेळाडू आहोत असे वाटले. पुढील माहिती त्याच समजातून जमवलेली आहे.

दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक. दिवाळीच्या भुईनळ्याची जातकुळी हीच. ती मोजून घालायची, वर कागदात गुंडाळलेली शिशाची गोळी ठासायची. बार झाला की नळीत काजळी धरते. ती पुसल्याशिवाय पुढचा बार नाही. उतावळ्या माणसाचे इथे काम नाही, हा लेखकाला पहिला धक्का.

गोळी ठासताना तोंडाची कड झिजते. मग वायू एका बाजूने आधी निसटतो आणि गोळी भरकटते. यावर अॅल्व्हन क्लार्कने १८४० साली पेटंट घेतले. नळीचाच पुढचा तुकडा कापून खुंट्यांनी परत बसवायचा आणि पिळाच्या खाचा दोहोंतून सलग पाडायच्या. या खोट्या तोंडातून गोळी भरायची, ते काढायचे, मग चाप ओढायचा. काढायला विसरले तर गोळीबरोबर तेही जाते आणि त्या नळीला जुळणारे दुसरे मिळत नाही. म्हणून त्यावर नेमाच्या आड येणारी एक पट्टी उभी ठेवतात. माणूस विसरणारच, हे धरून चालणारी इतकी सभ्य वस्तू लेखकाच्या घरात एकही नाही.

क्लार्क मुळात व्यक्तिचित्रे रंगवायचा; पुढे दुर्बिणींची भिंगे घासू लागला. ३१ जानेवारी १८६२ रोजी साडेअठरा इंची भिंग तपासताना त्याच्या मुलाला एका ताऱ्याचा अंधुक जोडीदार दिसला. खगोलशास्त्रज्ञ बेसेलने तो असणार हे १८४४ मध्येच गणिताने सांगितले होते. त्या ताऱ्याला मराठीत व्याध म्हणतात. बंदूकवाल्याच्या पोराला शिकाऱ्याचाच सोबती सापडावा! याचा नेमबाजीशी संबंध नाही, पण परिच्छेद गाळवत नाही.

नेमबाजीत गुण पूर्वी दोऱ्याने मोजत. केंद्रापासून प्रत्येक भोकापर्यंतचे अंतर एकाच दोऱ्यावर घेत जायचे. दहा बारांचा दोरा ज्याचा आखूड, तो जिंकला. म्हणजे मोजायचे ते फक्त चुकणे. १८६१ साली अमेरिकेच्या यादवी युद्धात बर्डन नावाच्या कर्नलच्या नेमबाज पलटणीत भरती व्हायला २०० यार्डांवरून दहा बारांचा दोरा पन्नास इंचांच्या आत लागे. तिथून पुढे समोर कागद नव्हता, आणि दोरा कोणी मोजला नाही.

प्रस्तुत लेखकाने जत्रेत फुग्यांवर छऱ्याच्या बंदुकीने दहा बार काढले होते. फुगा एकही फुटला नाही. दोरा सुदैवाने दुकानदाराकडे नव्हता.