भिंत कसली?

आमच्या पलंगाखाली गेली बावीस वर्षं मराठी साहित्य नांदतंय. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 1909 साली ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हा वाचून झाल्यावर हे ठेवायचं कुठे, याची काही सोय सुचवली नाही. यंदा बायकोला फराळाच्या डब्यांसाठी ती जागा हवी झाली. मग समीक्षकांना जे जमलं नाही ते मी वजनकाट्यावर केलं. दिवाळी अंकांचं वजन भरलं 48 किलो. एवढं साहित्य पेलायचं तर भिंतीवर भक्कम फळी हवी.

आजोबांच्या वाड्यात हा प्रश्नच नव्हता. दोन-दोन हात जाडीच्या भिंती, त्यांत कोनाडे, फडताळं. भिंत स्वतःच्या पोटात जागा करून द्यायची. आमच्या फ्लॅटची भिंत चार इंची. तिच्या पोटात वायर मावते तेच उपकार.

हार्डवेअरच्या दुकानात मी ऐटीत म्हणालो, “रावल प्लग द्या.”

“कितीचे?”

“चार.”

“नग नाही हो, साइज. सहा, आठ, दहा मिलिमीटर?” माझा चेहरा बघून त्याने प्रश्न सोपा केला. “भिंत कसली आहे?”

“ऑफ-व्हाइट,” मी म्हणालो.

त्याने मला एकवार नीट न्याहाळलं आणि 8 मिलिमीटरच्या वीस प्लगचं पाकीट पुढे केलं. भोकं चारच पाडायची होती. माणूस अनुभवी होता.

ड्रिल साडूंचं. त्यावर एका खटक्याशी दोन चित्रं होती : एक बिटाचं, एक हातोडीचं. ‘याने नाही जमलं तर हातोडी घ्या,’ असा त्याचा अर्थ मी लावला. जमिनीपासून पट्टीने मोजून पेन्सिलीच्या चार फुल्या मारल्या आणि पहिल्या फुलीवर बिट टेकवून ड्रिल सुरू केलं. गुळगुळीत पुट्टीवर बिट घसरलं आणि फुलीच्या बोटभर उजवीकडे त्याला आवडलं तिथे शिरलं. फुली मात्र जागच्या जागी शाबूत.

दुसऱ्या फुलीमागे आरसीसी कॉलम निघाला. वीस मिनिटं सगळं अंग टाकून दाबलं. बिट तापलं, करपल्याचा वास आला आणि भिंतीला एक सुरेख खळी पडली. तेव्हा तो खटका हातोडीच्या चित्रावर सरकवायचा असतो हे कळलं. बिट नुसतं फिरून काँक्रीट ऐकत नाही, त्याला फिरता फिरता ठोकेही लागतात. हे नवं ज्ञान मी लगेच तिसऱ्या फुलीवर वापरलं. तिथे विटांचा सांधा होता. वाळू भसाभसा गळली आणि भिंतीत पेरूएवढा खड्डा झाला. त्यात प्लग घातला तर तो स्क्रूबरोबर गरागरा फिरू लागला.

आईने न बोलता मिस्त्रींना फोन लावला.

मिस्त्रींनी माझी तिन्ही भोकं पाहिली, हसले नाहीत. फक्त विचारलं, “साहेब, भुकटी कुठाय?”

“झाडली.”

“मग भिंत कसली ते कळणार कसं?”

त्यांनी जुन्या लग्नपत्रिकेचं पाकीट उघडं करून भोकाच्या जागेखाली चिकटवलं. खिळ्याने फुलीवर बारीक खोक पाडली, म्हणजे बिट घसरत नाही. आधी बारीक बिट, मग 8 चं. प्लगच्या लांबीहून थोडं पुढे बिटावर चिकटपट्टी गुंडाळली. पट्टी भिंतीला टेकली की थांबायचं. पाकिटात आधी पांढरी पूड पडली, मग करडी, मग तांबडी. “तांबडी आली की भिंत लागली. तोवर सगळा मेकअप.” प्लगची पकड विटेत हवी, गिलाव्यात नव्हे. भोकातली धूळ त्यांनी स्ट्रॉने फुंकून काढली आणि मग प्लग ठोकला.

आणि चारही भोकं एकदम पाडलीच नाहीत. एक पाडून ब्रॅकेट सैल अडकवलं, लेव्हल लावली आणि ब्रॅकेटच्याच भोकातून पुढची खूण केली. मी चार फुल्या आधीच मारून बसलो होतो.

चहा घेताना मी गेलेली अब्रू सावरायला इतिहास काढला. हा प्लग जॉन रॉलिंग्ज नावाच्या इंग्रज कंत्राटदाराने 1911 च्या सुमारास काढला. ब्रिटिश म्युझियममध्ये विजेची कामं करताना भिंतींची नासधूस होऊ नये म्हणून. मिस्त्रींनी बशी खाली ठेवून पेरूएवढ्या खड्ड्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “बरं झालं, ते काम तुम्हाला दिलं नाही.”

फळी वीतभर खाली घेतली. 48 किलो घेऊन ती हूं की चूं करत नाही. फक्त आल्या-गेल्याला ती तिरकी दिसते. आमची फरशी गॅलरीकडे उतरती आहे, हे तोवर कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. मी लेव्हल आणून मधोमध थांबलेला बुडबुडा दाखवतो. पाहुणे बुडबुड्याकडे बघतात, माझ्याकडे बघतात आणि मान कलती करून पुन्हा फळीकडे बघतात.

दिवाळी अंक मात्र आता हाताशी आहेत. कुणीही या, कुठलाही वाचायला न्या. उजवीकडून सातवा तेवढा देत नाही. त्यातलं साहित्य काही फार थोर नाही. त्याच्यामागे पेरू आहे.