घरी कळवल्याचा रकाना नाही

तुरुंगात कैदी मेला की नोंदवहीत काय लिहायचे, हे १८९४ च्या तुरुंग कायद्याने कलम १५ मध्ये नऊ बाबींत सांगून ठेवले. दुखणे पहिल्यांदा कधी दिसले, त्या दिवशी तो कोणत्या कामावर होता, त्या दिवशीचा त्याचा आहार कोणत्या मापाचा होता, दवाखान्यात कधी घेतला, डॉक्टरला कधी सांगितले, आजार कोणता, शेवटचे कधी तपासले, जीव कधी गेला आणि शवविच्छेदन झाले असल्यास काय आढळले. गोऱ्या साहेबाचे काम चोख. निलंग्याचा माणूस दूरच्या तुरुंगात आजारी पडला तर त्या दिवशी त्याचे ताट किती भरले होते, हे कागद सांगेल. त्याच्या बायकोला कोणी आणि कधी सांगितले, हे विचारणारा दहावा रकाना मात्र नाही. बरोबरच आहे. डाळ घटली तर लेखापरीक्षक विचारतो. बायको कोणत्या साठ्यात धरायची?

त्यानंतर कागद पुष्कळ आले. १९९३ पासून कोठडीतला मृत्यू २४ तासांच्या आत दिल्लीला मानवाधिकार आयोगाकडे कळवायचा दंडक आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या डिसेंबरातल्या निकालाने अटकेची खबर परजिल्ह्यातल्या नातलगाला ८ ते १२ तासांत तारेने द्यायला सांगितले. २०१३ च्या जुलैत तारच बंद झाली, पण तास तरी मोजून दिले होते. अटकेला घड्याळ, मरणाला घड्याळ. मध्ये माणूस छाती धरून बसलाय, त्याचे घड्याळ कोणाकडे? गंभीर आजार, इजा, दवाखान्यात हलवणे हे सारे कैद्याने नेमलेल्या माणसाला कळवा, असे संयुक्त राष्ट्रांचे २०१५ चे मंडेला नियम सांगतात. ते जगासाठी. आपल्याकडे वायरलेस आहे. तो तुरुंगातून नियंत्रण कक्षात, तिथून तालुक्याच्या ठाण्यात, ठाण्यातून बीट अंमलदाराकडे. अंमलदार यात्रेच्या बंदोबस्तात. तो पोलीस पाटलाला फोन लावतो, तर पाटील सोयाबीन घेऊन आडतीवर. दिवेलागणीला पाटलाचा पोरगा औरादकडच्या वस्तीवर जाऊन सांगतो, ‘काकू, पोलिसांचं कायतरी आलंय म्हणे तुमच्याकडं.’ काकू आधी धाकटा घरी आहे का ते बघते. तोवर आजाऱ्याला दुसऱ्या दवाखान्यात हलवलेले असते, आणि त्या हलवण्याचा निरोप पुन्हा पहिल्यापासून निघतो.

यावर उत्तरे तयार असतात. पत्ता चुकीचा होता, फोन लागला नाही, कुटुंब ऊसतोडीला गेले होते. मग हाच कैदी संचित रजेवरून वेळेत परतला नाही, तर पहाटे याच घराची कडी कशी वाजते? तेव्हा पत्ता बरोबर असतो, मेहुण्याचा नंबर असतो, कोणत्या कारखान्याच्या कोणत्या टोळीत भाऊ आहे हेही ठाऊक असते. दुसरे उत्तर सुरक्षेचे: कळवले तर गर्दी होईल, साथीदार पळवून नेतील. एका हाताला सलाईन, दुसऱ्याला बेडी, दाराशी पहारा. अशा माणसाला पळवणाऱ्याला आधी स्ट्रेचर ढकलणारा वॉर्डबॉय शोधावा लागेल, आणि तो तर नातेवाइकांनाही सापडत नाही. शिवाय कळवणे वेगळे आणि भेट देणे वेगळे. वॉर्ड सांगू नका, खाट सांगू नका, ‘तुमचा माणूस गंभीर आहे’ एवढे तरी सांगा. काही कैद्यांनाच घरी कळायला नको असते, ही हरकत तेवढी खरी आहे. तुरुंगात घेताना त्याला विचारा आणि लिहून ठेवा.

खरी गोम वेगळीच आहे. आजारी कैद्याच्या घरच्यांची कार्यालयाला गरज नसते. ते आले तर प्रश्न विचारतील, डॉक्टर कधी आला, गोळी कोणती दिली. प्रेताला मात्र वारस लागतो. म्हणून जिवंतपणी न सापडलेले घर मेल्यावर सापडते आणि बाप रात्रीच्या एसटीने येऊन पोहोच देतो. हा निर्लज्जपणा आहे, त्याला ‘समन्वयाचा अभाव’ म्हणू नका. दहावा रकाना आखायला मंत्रिमंडळ लागत नाही, पट्टी लागते: कोणाला कळवले, किती वाजता, कोणत्या नंबरवर, उचलला कोणी. आणि त्या नोंदीखाली सही कळवणाऱ्याने करायची, प्रेत न्यायला आलेल्या बापाने नव्हे.