नऊपट

इंदूरच्या जुन्या मराठी घरांत बंदूक असते ती बहुधा भिंतीवरच्या फोटोत. कुणीतरी पणजोबा होळकरशाही पगडी घालून, एक हात खुर्चीच्या पाठीवर ठेवून आणि दुसऱ्या हातात बंदूक धरून उभे असतात. ती बंदूक पणजोबांची होती की स्टुडिओवाल्याची, यावर घरात दोन पक्ष असतात आणि दिवाळीला सगळे जमले की त्यांची बैठक भरते. पण कुणी "मी एअर रायफल घेतोय" असं म्हटलं, की दोन्ही पक्ष एका क्षणात एक होतात. आमच्याकडे तसंच झालं.

आईनं विचारलं, "चिमण्या मारणार का रे?" मी म्हटलं, चिमण्या नाही, कागद. "कागदानं तुझं काय वाकडं केलंय?" बायकोला लायसनची काळजी होती. तिला सांगितलं, की नळी 4.5 मिलिमीटरची आणि ताकद 20 ज्यूलच्या आत असली, तर हवेच्या बंदुकीला 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवाना लागत नाही. "म्हणजे खरी नाही," ती म्हणाली आणि तिचा त्यातला रस तिथेच संपला. शिकारीचा प्रश्न देशानं 1972 सालीच कायदा करून निकालात काढलाय. आपल्या रालामंडलच्या टेकडीवर होळकरांची शिकारगाह अजून उभी आहे, पण 1989 पासून ते अभयारण्य झालंय. रविवारी इंदूरकर तिथे सहकुटुंब जातात आणि हरणं त्यांना बघतात.

तरी या गावाच्या हवेत नेम आहेच. सीमा सुरक्षा दलाची शस्त्रं शिकवणारी मोठी शाळा इंदुरात. शेजारच्या महूला इन्फंट्री स्कूल, आणि तिथेच आर्मी मार्क्समनशिप युनिट, जिथं सराव करून नेमबाज विजय कुमार 2012 ला लंडन ऑलिंपिकमधून रौप्यपदक घेऊन आले. अशा गावात नेमबाजीबद्दल मत नसणं म्हणजे पोह्यांवर शेव किती घालावी याबद्दल मत नसण्यासारखं आहे. ते शक्यच नाही. त्यामुळे रायफल आली तेव्हा कुणी काही बोललं नाही, पण तिच्यावर कोणता स्कोप, म्हणजे नेम धरायची दुर्बीण, बसवायचा हा प्रश्न निघताच गल्लीतल्या प्रत्येकाला तज्ज्ञ म्हणून कंठ फुटला.

स्कोप हवाच कशाला, असं विचारणाऱ्यांचं वय चाळिशीच्या आत असतं. साध्या रायफलीवर मागे एक खाच असते, पुढे नळीच्या टोकाला माशी, आणि त्यापलीकडे लक्ष्य. एका डोळ्यानं या तिघांना एका रेषेत आणायचं असतं. तरुण डोळा तिन्हींवर इतक्या झपाट्यानं फिरतो, की तिन्ही एकदमच दिसतात असं त्याला वाटतं. चाळिशीनंतर डोळा म्हणतो, एक कुठलं ते ठरवा आणि सांगा. स्कोपमध्ये ही भांडणं मिटतात. लक्ष्याची प्रतिमा आणि फुलीच्या रेषा दोन्ही एकाच प्रतलात येतात आणि डोळ्याला एकाच ठिकाणी बघावं लागतं. थोडक्यात, स्कोप हा बंदुकीला लावलेला चष्मा आहे. फक्त तो लावल्यावर माणूस म्हातारा न दिसता धोकादायक दिसतो.

ही फुली मुळात कोळ्याची देणगी. सतराव्या शतकात विल्यम गॅसकॉइन या इंग्रज खगोलप्रेमीच्या दुर्बिणीत एका कोळ्यानं धागा ओढला. भिंगातून बघताना तो धागा आणि आकाशातली वस्तू दोन्ही स्वच्छ दिसली, आणि गॅसकॉइनच्या लक्षात आलं, की यानं मोजता येईल, नेम धरता येईल. आमच्या घरात कोळ्यांनी आजवर केलेलं काम पाहता त्यांची गुणवत्ता वाया गेली असं म्हणावं लागेल. पुढे बंदुकीवर दुर्बीण चढवणाऱ्यांत आपल्याकडचाही एक गडी होता. बॉम्बे आर्मीत नोकरी केलेल्या डेव्हिडसन नावाच्या अधिकाऱ्यानं बनवलेली दुर्बीण अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेच्या नेमबाजांनी व्हिटवर्थ रायफलींवर वापरली.

दुकानदाराला या इतिहासाशी कर्तव्य नव्हतं. त्यानं काचेवर एक लांबलचक नळकांडं ठेवलं आणि म्हणाला, "भिया, ये ले जाओ, चाँद के गड्ढे दिखेंगे." मला वीस मीटरवरचा कागद बघायचा होता, पण चंद्राचं नाव निघाल्यावर माणूस कागदाबद्दल बोलायला लाजतो. त्या नळकांड्यावर लिहिलं होतं, 3-9×40. म्हणजे तीनपटीपासून नऊपटीपर्यंत कितीही मोठं करून बघा, आणि पुढच्या भिंगाचा व्यास 40 मिलिमीटर. शेजारी चारपटीचा साधा, 32 मिलिमीटरचा स्कोप बिचारा गप्प पडून होता. बाजारात नऊ नेहमी चारापेक्षा मोठ्या आवाजात बोलतो.

सोबत मामा होते म्हणून खरेदी शुद्धीवर राहिली. मामा महूच्या इन्फंट्री स्कूलमध्ये कारकुनी करून निवृत्त झालेत. तिथे त्यांनी फायली हाताळल्या, पण त्या फायली बंदुकांच्या होत्या. त्यांनी दुकानदाराला एकच प्रश्न विचारला, "हा एअरगनचा आहे का?" प्रश्न बाळबोध वाटतो, पण सगळी गोम त्यातच आहे. मोठ्या रायफलीचा धक्का एकाच दिशेला, मागे. स्प्रिंगच्या एअर रायफलीत आधी पिस्टन पुढे धावतो, म्हणून बंदूक मागे सरकते. मग पिस्टन दाबलेल्या हवेवर आदळून थांबतो आणि बंदूक पुढे झेपावते. हा पुढचा हिसका अनेक महागड्या स्कोपांना सोसत नाही. आत भिंगं ढिली होतात, फुली फिरते. वाघाच्या रायफलीवर आयुष्य काढू शकणारा स्कोप छर्ऱ्याच्या बंदुकीवर महिन्याभरात खिळखिळा होतो.

दुसरी गोष्ट अंतराची. बरेच स्कोप शंभर यार्डांवर प्रतिमा आणि फुली एका प्रतलात यावी असे जुळवलेले असतात. वीस मीटरवर पाहिलं, तर डोळा जरा हलवताच फुली कागदावरून सरकते. बंदूक जागेवर, नेम मात्र फिरतीवर. म्हणून पुढच्या भिंगाचं कडं फिरवून जवळचं अंतर जुळवता येईल असा स्कोप हवा. तसा मिळाला, पण तो 3-9 मध्येच मिळाला. चंद्र त्याच्याबरोबर फुकट आला.

स्कोप बसवण्याचा कार्यक्रम गच्चीवर झाला. रायफल रिकामी आहे हे मामांनी स्वतः पाहिलं, मग मला पाहायला लावलं, मग पुन्हा स्वतः पाहिलं. रायफलीच्या पाठीवर 11 मिलिमीटरची खाचेची पट्टी असते. तिच्यावर माउंट चढवायचे. मागच्या माउंटची खुंटी रायफलीवरच्या भोकात नीट बसवायची, नाहीतर प्रत्येक हिसक्याला स्कोप थोडा थोडा मागे चालत येतो. मामांचा मंत्र असा: "आधी सैल, मग डोळा, मग ओळंबा, शेवटी घट्ट. लोक घट्टपासून सुरुवात करतात."

डोळ्याची पायरी मोठी छान. डोळे मिटून रायफल खांद्याला लावायची, गाल दस्त्यावर जिथं आपोआप टेकेल तिथं टेकू द्यायचा, आणि मग डोळे उघडायचे. पूर्ण गोल दिसला तर ठीक. कडेला काळी चंद्रकोर दिसली तर मान न हलवता स्कोप पुढे-मागे सरकवायचा. डोळा आणि भिंग यांत साधारण तीन-साडेतीन इंच अंतर लागतं. वस्तूनं माणसाप्रमाणे सरकायचं, माणसानं वस्तूप्रमाणे नाही, हा नियम आमच्या घरातल्या इतर कुठल्याही वस्तूला लागू नाही.

मग ओळंबा. फुलीची उभी रेषा खरंच उभी हवी. बाजूच्या बांधकामावरच्या गवंड्याकडून ओळंबा मागून आणला, कपडे वाळत घालायच्या तारेला टांगला आणि स्कोपमधून त्याच्या दोरीशी रेषा जुळवली. गवंडी उत्सुकतेनं वर आला, त्यानंही डोळा लावला आणि म्हणाला, की दोरी सरळ आहे, तुमच्या गच्चीचा कठडा नाही. हे आम्हाला माहीत नव्हतं. त्यानंतर रिंगांचे स्क्रू, समोरासमोरचे, आळीपाळीनं, अर्धा अर्धा फेरा. एलन कीला दोन बोटांचा जोर पुरे. नळी ॲल्युमिनियमची असते आणि मराठी माणसाला "अजून एक आटा" देण्याची खोड असते. मामांनी की माझ्या हातातून काढून खिशात टाकली.

मानपूरकडे मामांची थोडी शेती आहे. तिथे मातीच्या उंच बांधाला पाठीशी घेऊन, वीस मीटरवर कागद लावला. पहिले छर्रे डावीकडे खाली गेले. आता हिशेब: स्कोपच्या टोपीखालच्या बटणाची एक टिकटिक म्हणजे शंभर यार्डांवर पाव इंच. वीस मीटरवर तीच टिकटिक दीड मिलिमीटर देखील भरत नाही. म्हणजे एक सेंटिमीटर सरकायला सात टिकटिकी. मामांनी प्रत्येक वेळी एकच छर्रा नव्हे, तीन-तीन मारून त्यांचा मध्य काढायला लावला. "एका छर्ऱ्यावर मत बनवायचं नाही," ते म्हणाले. हे त्यांनी निवडणुकीच्या काळातही गल्लीला सांगायला हवं होतं.

मग मी मोठं करण्याचं कडं चारावरून नऊवर फिरवलं. कागद एकदम अंगावर आला; त्याचे तंतू दिसायला लागले. आणि त्या तंतूंवर फुली नाचत होती. श्वास घेतला की वर, सोडला की खाली, आणि मधेमधे एक बारीक उडी, ती नाडीची. चारपटीतही हात तेवढाच हलत होता, फक्त तो मला कळवत नव्हता. नऊपटीनं लक्ष्य नऊपट केलं ते खरं, पण त्याबरोबर मलाही नऊपट केलं, आणि माझ्यात मोठं करून बघण्याजोगं काय आहे ते तोवर कुणी दाखवलं नव्हतं. नाचणारी फुली मध्यावर आली की घाईनं चाप ओढावासा वाटतो, आणि घाईचा छर्रा बांधात जातो. वरून स्प्रिंगच्या रायफलीला आवळून धरलेलं खपत नाही. तळहातावर नुसती ठेवायची, म्हणजे तिचे दोन्ही हिसके तिला मोकळेपणी देता येतात.

मामांनी तेव्हा सांगितलं, की ऑलिंपिकच्या रायफल प्रकारांत दुर्बीण चालतच नाही. कोल्हापूरकडच्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसळे आणि आपल्या शेजारच्या खरगोन जिल्ह्यातल्या रतनपूरचा ऐश्वर्य प्रताप सिंह तोमर 2023 ला हांगझोच्या एशियाडमध्ये एकाच संघातून सुवर्ण जिंकले. पुढच्या वर्षी पॅरिसला कुसळेनं 451.4 गुणांवर कांस्य घेतलं. पन्नास मीटर अंतर, दहाचा गोल 10.4 मिलिमीटरचा, आणि डोळ्यासमोर एक बारीक छिद्र. मोठं काहीच दिसत नाही, म्हणून घाबरवणारंही काही दिसत नाही. स्कोप किती दाखवू शकतो हे दुकानदार सांगतो. आपण किती बघून शांत राहू शकतो, हे ज्याचं त्यालाच ठरवावं लागतं.

माझं चारावर ठरलंय. अर्थात नऊ फुकट गेलेला नाही. छर्रा सुटून गेल्यावर, भोक नेमकं कुठं पडलं ते बघायला तो उत्तम. नेम धरायला चार आणि निकाल बघायला नऊ, अशी वाटणी केली आहे. निकाल फारच वाईट असला, तर कडं तीनवर आणायची सोयही कंपनीनं ठेवलेली आहे.